माळ्याची शिडी

गुंदापास्नं रामनगरापातूर माझ्याइतका खरं बोलणारा माणूस तुमास्नी गावायचा न्हाई. आता हे पयलंच वाक्य खोटं हाय, तेवढं पोटात घाला.

तसं माझं झाकलेलं काय न्हाई. म्हशीला भिऊन मी आंब्यावर चढलो आणि म्हस त्याच आंब्याखाली झोपली, दुपारपातूर मी वर आणि ती खाली — हे गावाला मीच सांगितलो. लग्नात बोहल्यावर मला झोप लागली आणि भटजीच्या अक्षता माझ्या उघड्या तोंडात पडल्या — तेबी मीच. उळवीच्या जत्रेत लोक गाड्या थांबवून माझ्या तोंडनं माझीच फजिती ऐकायचे. आणि मला एक कळलं व्हतं. स्वतःवर हसणाऱ्याला कोण तपासत न्हाई. एवढं सगळं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार? त्येच्यावरच मी जगलो.

ही एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितली न्हाई. बायकोला न्हाई. देवाला ठाव असंल तर ती त्येनं स्वतः मिळवली, मी दिलेली न्हाई.

आमच्या वाडीच्या शाळेत खानापूरकडचे एक गुरुजी व्हते. मी अंगठेबहाद्दर, खरं तर अंगठाबी वाकडा उठतो. पण गुरुजींला माझ्या गोष्टींचं येड लागलं. म्हणाले, तू सांग, मी लिहितो, आपण तुझं पुस्तक छापून आणू. पावसाळाभर शाळा सुटली की मी ओसरीवर बोलायचो, ते लिहायचे. हसून हसून त्यांच्या हातनं अक्षर तिरकं जायचं. मग सगळे कागद बांधून आम्ही एसटीनं बेळगावला गेलो.

पयल्या छापणाऱ्यानं कागद सोडलेबी न्हाईत. भाषा गावंढळ हाय म्हणाला. दुसरा म्हातारा व्हता, मागच्या खोलीत त्याचं मशीन खडखडत व्हतं. त्यानं उभ्यानंच थोडं वाचलं, हसला, आणि खाली ठेवलं. म्हणाला, हसवणारे लई येत्यात. पोरवयात ज्यानं कायतरी सोसलं आणि त्यातनं जो बरा झाला, त्याचं पुस्तक लोक उशाशी ठेवत्यात. तुझ्यात असलं काय हाय?

काय व्हतं माझ्यात? बाप, आमचे आप्पा, मारायचे न्हाईत. आई पोटभर घालायची. सोसलेलं म्हणजे एकदा मधमाशा चावल्या, त्याबी मीच डिवचलेल्या. गुरुजी माझ्याकडं बघत बसलेले. पावसाळाभर लिहिलेलं त्यांच्या मांडीवर. आणि माझ्या तोंडातनं ते आलं —

भात पिकल्यावर राखणीसाठी शेतात माळा बांधत्यात, तुमास्नी ठाव असंल. चार खांबांवर फळ्या, वर गवताचं छप्पर. वर बसून डबा बडवायचा, जनावरं पळवायची. मी त्या म्हाताऱ्याला सांगितलो, लहान पोर असताना मी एकटा माळ्यावर अडकलो. शिडी वाऱ्यानं पडली. दिवस बुडताना गवे आले, खांबाला अंग घासाय लागले, माळा हलाय लागला. हाका मारून मारून आवाज बसला. तिथनं जीभच अडकली. कितीतरी वर्षं शब्द तोंडात यायचा आणि दातापाशी थांबायचा. मग नांगर धरताना बैलांना गाणं म्हणाय लागलो. गाण्यात शब्द अडकत न्हाई. गाण्यातनं हळूहळू बोलणं सुटलं.

म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, हे आधी लिहा. मी छापतो.

यातलं सगळं खरं व्हतं. एक मी सोडून.

ते पोर माझी तंगी — धाकटी बहीण, शेवंता. माळा, गवे, अडकलेली जीभ, सगळं तिचं. मग मी कुठं व्हतो?

राखण माझी व्हती. पण त्या दिवशी गुंदाला नाटकाची तालीम व्हती, आणि मला सोंगाड्याचं काम बघायचं व्हतं. मी शेवंताला वर चढवलो, हातात डबा दिलो. ती मागनं पळत येईल, आप्पांना सांगंल, म्हणून शिडी काढलो. तिला कायतरी म्हटलो बी — काय ते आता आठवत न्हाई. शिडी लांब भातात आडवी घातलो आणि गेलो. तालमीत सोंगाड्या आला नव्हता. मला उभं केलं. लोक हसले. पयल्यांदा माझ्यावर इतके लोक हसले, ते त्याच सांजेला. तिकडं ती ओरडत व्हती, इकडं मी पालथा पडून दावत व्हतो.

आप्पा जंगलातल्या कामावरनं येताना तिला उतरवून घेऊन आले. मी म्हटलो, वाऱ्यानं पडली शिडी. ती बोलू शकत नव्हती — मग खोटं कोण पाडणार?

रामनगरला तिचं लग्न झालं. पयलं मूल झाल्यावर पाळणा म्हणता म्हणता तिची जीभ सुटाय लागली. एकदम न्हाई. वर्षं गेली. एकेक शब्द ती गाण्यातनं काढून बोलण्यात आणायची, भातातनं खडा काढल्यासारखा. तिचं एवढं कष्टाचं मी बैलांच्या गळ्यात बांधून टाकलो.

गुरुजींनी ते सगळं सुरेख लिहिलं. बेळगावला धाडायच्या आधी देवळात वाचून दाखवलं. चतुर्थीला शेवंता माहेरी आलेली. खांबाला टेकून बसली व्हती. बायका डोळे पुसत व्हत्या. शेवंता लहानपणी बोलत नव्हती हे जुन्या माणसांना ठाव व्हतं, पण माझं मी सांगतोय म्हटल्यावर कोण तपासतो? कुणीतरी मला पाठीवर थोपटलं — आणि मला बरं वाटलं. हे बी सांगायला पायजे. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शेवंताला एसटीला सोडाय गेलो. पिशवी खाली ठेवून तिनं एकच विचारलं,

"शिडी वाऱ्यानं पडली, असंच लिवलंय व्हय?"

मी व्हय म्हटलो. गाडी आली.

आता तुम्ही म्हणाल, मग गुरुजींला खरं सांगायचं. एक वाक्य पुरं व्हतं. ते पोर शेवंता, शिडी काढणारा मी. म्हाताऱ्यानं तेबी छापलं असतं, तिच्या नावानं. मी काय केलो? गुरुजींला म्हटलो, पुस्तक नको. लोक रडाय लागले तर माझ्या सोंगाला कोण येणार? ते हसले. मग माझं तोंड बघून त्यांनी कागद परत बांधून ठेवले. पुस्तक कधी धाडताय म्हणून बेळगावच्या म्हाताऱ्याचं कार्ड आलं, गुरुजींनी वाचून दाखवलं, मी पुन्हा एक विनोद केलो. पुढं त्यांची बदली झाली. सगळ्या गावानं त्यांना निरोप दिला, मी वांदरं हाकायच्या निमित्तानं शेतात गेलो.

आणि मनात मी स्वतःला मोठा करून बसलो. बहिणीसाठी पुस्तक सोडलेला भाऊ. कितीतरी वर्षं तो गूळ चघळलो.

यंदा रामनगरला गेलो. शेवंता उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत व्हती. अजून ती सावकाश बोलते, एखादा शब्द गाण्यासारखा लांबवते. मी म्हटलो, शेवंता, ते पुस्तक मी तुझ्यासाठी बंद केलो.

तिनं सुपातनं मान वर केली न्हाई.

"अण्णा, माझ्यासाठी म्हणू नको. शिडी काढतानाबी तू हेच म्हटलास. तू पडशील, तुझ्यासाठीच काढतोय."