अकोल्याचा घाम, अमरावतीची फळी

पुण्याहून अकोल्याची गाडी धरली तेव्हा माझं पिस्तूल घरी कपाटात होतं. हौशी नेमबाज सरावाला निघतो तेव्हा त्याच्या हातात कुलूप लावलेली पेटी असते. माझ्या हातात कपड्यांची बॅग होती आणि चष्म्याच्या डबीत बोटाच्या पेराएवढी पितळी खिट्टी. मला बोलावणं आलं होतं ते या खिट्टीसाठी.

अकोला आणि अमरावती या शहरांतले एअर पिस्तूलचे हौशी नेमबाज दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एकमेकांशी सामना खेळतात. चषक नसतो, हारतुरे नसतात. जिंकणाऱ्या शहराला एक हक्क मिळतो. अमरावतीत एक मायक्रोब्रुअरी आहे, म्हणजे बिअर तिथेच मुरवून तिथेच विकणारी जागा. तिथल्या संत्र्याच्या बिअरला वर्षभरासाठी नाव देण्याचा तो हक्क. पंच कोणत्या शहराचा असावा, यावर दर वर्षी भांडण होई. या वेळी तिसऱ्या गावचा माणूस शोधायचं ठरलं. पूर्वी वृत्तपत्रात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा उमेश आता अकोल्यात राहतो आणि अकोल्याच्या संघात आहे. त्याने फोनवर सांगितलं, "ताई, तू दोघांनाही सारखीच परकी आहेस. ये."

अकोल्याच्या फलाटावर उतरले तेव्हा सकाळ होती, पण उन्हाला सकाळ-दुपार कळत नव्हती. उमेशने घरी नेऊन पुडाची वडी खाऊ घातली. इकडे तिला सांबारवडीही म्हणतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. मी डाळीचं सांबार शोधत राहिले, तेव्हा उमेशची आई शांतपणे म्हणाली, "पुण्यावाल्याइचं असंच होते."

अकोल्याची रेंज म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. सरकी जाऊन बरीच वर्षं झाली, कापूस मात्र पुरता गेलेला नाही. तो छपराच्या लोखंडी कैच्यांवर बसून आहे आणि वारा आला की एखादा तंतू हळूहळू खाली येतो. दहा मीटरवर कागदी लक्ष्य, मधे तरंगणारा कापूस. दारावर खडूने लिहिलं होतं: 'आधी नेम, मग फेस.' सराव किंवा सामना असेल त्या दिवशी तो संपेपर्यंत बिअरचा थेंबही घ्यायचा नाही, हा दोन्ही शहरांचा नियम.

नसरीन आपा सर्वांत शेवटच्या लेनमध्ये होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर ओढणी, चष्मा नाकावर घसरलेला. त्या शाळेचे गणवेश शिवतात आणि अकोल्याच्या संघाच्या कर्णधार आहेत. त्यांच्या हातात पिस्तूल नव्हतं, दुकानातली इस्त्री होती. हात सरळ रोखून त्यांनी ती धरून ठेवली होती आणि मनगट हलत नव्हतं.

"इस्त्री काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारून पाहिलं.

"इस्त्रीनंतर पिस्तूल हातात घेतलं का पीस वाटते," त्या म्हणाल्या. "तुमी पंच ना? मंग माह्याशी जास्त बोलू नका. अमरावतीवाले नावं ठेवतीन."

त्या मग स्वतःच बोलल्या. गेल्या वर्षीच्या सामन्यात शेवटचा छर्रा त्यांचा होता. तळहाताला घाम आला, मूठ सरकली आणि छर्रा सहाच्या वर्तुळात गेला. अमरावती जिंकली. अमरावतीचा कर्णधार संदीप हाच त्या मायक्रोब्रुअरीचा मालक. त्याने बिअरला नाव दिलं 'अकोल्याचा घाम' आणि ते लाकडी फळीवर रंगवून गल्ल्यामागे टांगलं. तेव्हापासून अकोल्याचा कोणीही तिथे गेला की त्याला ते नाव घेऊनच ग्लास मागावा लागतो.

"मी तं पीत नाई, तिथं कधी गेलीबी नाई," आपा म्हणाल्या. "उमेशभाऊनं फोटो दाखवला. सारे म्हणतेत, मजाक हाय. मजाक हाय तं हाय. पण घाम माहा हाय ना."

इस्त्री खाली ठेवून त्यांनी खिशातून शिंप्याचा निळा खडू काढला, तळहातावर घासला आणि पिस्तूल उचललं.

संध्याकाळी उमेश मला हमरस्त्यावरच्या एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. तिथे जवारीची (ज्वारीची) बिअर मिळते. रंग फिकट, फेस पातळ, चव कोरडी आणि शेवटी भाजलेल्या लाह्यांचा वास. बिअर बनवणाऱ्या माणसाने आम्हाला पातेली दाखवली. पहिल्या वेळी काय झालं, ते त्याने न लाजता सांगितलं. "जवारी गरम पाण्यात टाकली अन् तिची लापशी झाली. नळीतून काही येईचना. दोन दिवस घरच्या म्हशी खुश होत्या." आता जवारी आधी वेगळी शिजवून मग जवाच्या माल्टमध्ये मिसळतात. उमेशने ग्लास संपवला आणि म्हणाला, "आपल्या गावची बिअर आपल्या नावानं मागता येते, हे सुख आहे बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका गाडीतून अमरावतीला निघालो: उमेश, आपा, दातांचे डॉक्टर असलेले तिसरे नेमबाज आणि मी. दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस वेचून झालेला, शेतात पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उभी. मूर्तिजापूरला थांबलो. स्टेशनाबाहेर टपरीवर आलूबोंडा कढीत बुडवून मिळतो. शकुंतला या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या अरुंद रुळांवर शेळ्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी दुसरा आलूबोंडा मागितला, तेव्हा आपांनी त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली.

"पोट जड तं हात जड. जिंकल्यावर खा."

"अन् हरलो तं?"

"हरलो तं पैदल या."

अमरावतीत सामना बॅडमिंटनच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. संदीप दारातच भेटला. चाळिशीचा, दाढीवाला, मोठ्याने बोलणारा माणूस. त्याने माझ्या हातात गिला वड्याची (दह्यात भिजवलेल्या, तिखट पाणी घातलेल्या वड्याची) प्लेट दिली.

"काल अकोल्याची सांबारवडी खाल्ली म्हणते तुमी. आता तराजू बरोबर करा."

मी वडा खाल्ला. तराजू बरोबर झाला. मग तो आपांकडे वळला.

"आपा, तुमच्या लेनवर पंखा लावू का? आपल्याकडे सोय हाय."

"लावा," आपा म्हणाल्या. "मंग तुमालेच लागंल तो."

नियम सोपे होते. दोन्ही संघांत तीन-तीन नेमबाज. प्रत्येकाला दहा छर्रे आणि ठरावीक वेळ. सगळ्यांच्या गुणांची बेरीज, कर्णधार शेवटी. प्रत्येक छर्ऱ्यानंतर कागद दोरीवरून पुढे येतो आणि सगळ्यांना गुण दिसतात. छिद्र रेषेवर असेल तर ती पितळी खिट्टी छिद्रात घालायची. तिची कडा वरच्या वर्तुळाच्या रेषेला टेकली तर वरचा गुण, नाही टेकली तर खालचा. टेकली की नाही हे भिंगातून पाहायचं. पंचाचं मुख्य काम तेच.

पहिल्या फेरीत डॉक्टर मागे पडले. दुसऱ्या फेरीत उमेशने ती तूट भरून काढली. मग कर्णधार उभे राहिले. संदीप भराभर मारतो आणि चांगला मारतो. त्याचे दहा छर्रे संपले तेव्हा आपांचा एक उरला होता आणि हॉलमधल्या प्रत्येकाने मनात बेरीज केलेली होती. दहा मिळाले तर अकोला जिंकणार. नऊ मिळाले तर बरोबरी. त्याहून कमी मिळाले तर फळी आणखी वर्षभर तिथेच.

गेल्या वर्षीही एकच छर्रा उरला होता.

आपांनी पिस्तूल उचललं. मी बाजूने पाहत होते. टोक लक्ष्याखाली आलं, थांबलं आणि किंचित थरथरलं. त्यांनी पिस्तूल खाली घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सुटला घाम." मी त्याला ताकीद दिली. पुन्हा असा आवाज आला तर हॉल रिकामा करीन, असं सांगितलं.

त्यांनी दुसऱ्यांदा पिस्तूल उचललं आणि दुसऱ्यांदा खाली घेतलं. या खेळात छर्रा सोडणं सोपं असतं. हात दमलेला असतो, वेळ पळत असते, सगळे वाट पाहत असतात, आणि बोट म्हणतं, सोडून दे. न सोडता खाली घेणं अवघड. उमेश भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"शेवटचं मिनिट," मी घोषणा केली. ते माझं काम होतं.

आपांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. खिशातून निळा खडू काढला. कापडावर माप आखावं तशा बेताने तळहातावर आडवा घासला, मग उभा. खडू परत खिशात ठेवला, ओढणीचं टोक खांद्यामागे सारलं आणि पिस्तूल उचललं. या वेळी टोक लक्ष्याखाली आलं आणि थांबलं. फट असा आवाज झाला.

कागद दोरीवरून सरकत आला. छिद्र नऊच्या वर्तुळात होतं, दहाच्या रेषेला अगदी चिकटून. नुसत्या डोळ्यांना ते नऊही दिसत होतं आणि दहाही.

मी खिट्टी छिद्रात घातली. भिंग लावलं. आधी डावीकडून पाहिलं, मग वरून, मग उजवीकडून. तीनही वेळा एकच दिसलं. निकाल सांगण्याआधी विरुद्ध कर्णधाराला भिंग द्यायचं असतं. मी ते संदीपच्या हातात दिलं.

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने भिंग शर्टाला पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"टेकली," तो म्हणाला.

"काय म्हणते बे?" मागून अमरावतीचाच एक जण ओरडला.

"टेकली म्हणलं ना. बहिरा हायेस काय?"

मी दहा गुण जाहीर केले. अकोला एका गुणाने जिंकलं होतं. डॉक्टरांनी उमेशला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण उमेश वजनदार आहे. आपांनी पिस्तुलाची नळी रिकामी असल्याचं मला दाखवलं, पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि मग खुर्चीवर बसल्या. त्यांचा तळहात निळा होता. 

संदीपची जागा हॉलपासून जवळ, बडनेरा रस्त्याला. काचेपलीकडे पोलादी टाक्या, अलीकडे वरुडच्या संत्र्यांच्या टोपल्या. आपा दारात क्षणभर थांबल्या आणि आत आल्या. फळी गल्ल्यामागे होती: पिवळ्या रंगावर लाल अक्षरं.

संदीपने स्टूल आणलं. "आपा, मी काढून देतो."

"नाई. स्टूल धरा फक्त."

त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं. आपा वर चढल्या, फळी खिळ्यावरून काढली आणि काखेत घेऊन उतरल्या. दोन्ही शहरांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अमरावतीच्यांनी जरा जास्तच. मग नव्या नावाची चर्चा सुरू झाली. उमेशने 'अमरावतीचा ताप' सुचवलं. डॉक्टर म्हणाले, 'बडनेऱ्याची कवळी.' आपा निंबूसोडा पीत होत्या.

"नाव सोपं पायजे," त्या म्हणाल्या. "संदीपभाऊ, भिंग लावून तुमी काय म्हणले होते?"

संदीपने दाढी खाजवली.

"म्हणा ना. सगळ्याइनं आयकलं हाय."

"टेकली."

"तेच नाव."

गल्ल्यामागे काळा फळा होता. आपांनी शिंप्याच्या खडूने त्यावर मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: टेकली. पहिला ग्लास संदीपने स्वतः भरला आणि पंच म्हणून माझ्यापुढे ठेवला.

"घ्या ताई," तो म्हणाला. थोडं थांबून त्याने वाक्य पुरं केलं, "टेकली."

ती बिअर उत्तम आहे, हे नोंदवलं पाहिजे. रंग मधासारखा. आधी संत्र्याच्या सालीचा कडवट वास, मग गव्हाची गोलाई आणि शेवटी जिभेच्या कडेला मीठ.

"कशी लागते?" आपांनी विचारलं.

"संत्र्यासारखी. शेवटी जरा खारट."

"खारट काहून?"

संदीप खाली पाहत म्हणाला, "चिमूटभर मीठ टाकतो आपा. घाम नाव दिलं होतं ना, म्हणून टाकलं. आता काढून टाकतो."

आपांनी निंबूसोड्याचा शेवटचा घोट घेतला.

"मीठ राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते माहं हाय."

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी अकोल्याहूनच होती. निघण्याआधी निरोप घ्यायला मी आपांच्या दुकानात गेले. इस्त्री टेबलावर होती, गणवेशांचे निळे ढीग दोन्ही बाजूंना. दाराबाहेर नवी पाटी टांगली होती. फळी तीच, पण उलटी लावलेली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रंगवून घेतलं होतं: 'फॉल-पिको करून मिळेल.' एक बाई साडी घेऊन आली होती. फळीच्या कडेने डोकावत तिने विचारलं, "हे मांगं लाल लाल काय लिवलं हाय वो आपा?"

"जुनं हाय ते," आपा म्हणाल्या. "तुमी साडी द्या."

अकोल्याला जाताना मी एका गमतीच्या सामन्याची पंच म्हणून गेले होते. परत येताना मला त्या सामन्यातला दहा गुणांचा छर्रा फारसा आठवत नव्हता. आठवत होतं ते त्याच्या आधी दोनदा खाली घेतलेलं पिस्तूल.

पुण्याच्या रेंजवर पहिल्या सरावाला मी उभी राहिले, पिस्तूल उचललं, टोक थरथरलं. मी ते खाली घेतलं. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा उचललं.