नाव उतरलं का, गुरुजी?

कुणीही प्रश्न घेऊन आलं की मामा आधी उजव्या हाताचा पंजा पुढं करायचे. या नाही, बसा नाही, नुसता पंजा. "आरसी दाखवा." समोरचा सुरू व्हायचा, "त्याचं असं झालं मामा, गाडी तशी माझ्या मेव्हण्याची, पण..." मामा त्याला तिथंच अडवायचे. "गाडी कोनाची ते तुमी नका सांगू. कागद सांगंल."

जामखेडला महिन्यातून एकदा विश्रामगृहाच्या आवारात आरटीओचा कॅम्प भरतो. नगरहून साहेब येतात, गाड्यांची रांग लागते. तुमच्यापैकी कुणी त्या रांगेत उन्हात उभं राहिलं असेल, तर लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक उंच, वाळका माणूस तुम्ही पाहिला असणार. मांडीवर कापडदुकानाची पिशवी, पिशवीत फॉर्म, शाईचं पॅड आणि चासी नंबर घासून उमटवायची पेन्सिल. हेच मामा. त्यांच्या धंद्याला एजंट म्हणतात, आणि तो शब्द लोक कसा उच्चारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शाळामास्तर. माझ्या घरापासून दोन घरं सोडून ते राहायचे, तरी मीही तो शब्द तसाच उच्चारायचो.

"ट्रॉलीला बी नंबर लागतो का?" हा दर कॅम्पला ठरलेला प्रश्न. मामा म्हणायचे, "ट्रॅक्टर सुटला आन ट्रॉली एकटी रस्त्यावर राह्यली, तर ती कोनाची म्हनायची?" ट्रॅक्टरवाला डोकं खाजवत फॉर्म घ्यायचा.

कुणी सुरतेहून गुजरातच्या नंबरची मोटारसायकल स्वस्तात आणलेली असायची. वर्ष उलटून गेलेलं, तिकडची एनओसी नाही, इकडचा टॅक्स भरलेला नाही, आणि वर तोंड करून विचारायचा, चालंल का? "चालंल की. पोलीस दिसंपर्यंत चालंल," मामा म्हणायचे आणि तिकडून कोणते कागद आणायचे ते त्याच्या हातावर पेनानं लिहून द्यायचे. कागदावर लिहिलं की कागद हरवतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एका मुलीचा बाप आला होता. लग्नात जावयाला गाडी द्यायची कबूल केलेली. गाडी जावयाच्या नावावर करू की मुलीच्या?

"पोरीला गाडी येती का?"

"न्हाई बा."

"मग शिकवा. आन तिच्याच नावावर करा."

बाप म्हणाला, जावई रुसंल. मामा म्हणाले, "रुसू द्या. रुसला तरी पेट्रोल टाकायला येईल." रांगेतली सगळी हसली. पुढं खरंच मुलीच्या नावावर झाली की नाही, मला माहीत नाही.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांनाही ते अडवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, लिंबू चिरडायच्या आधी इन्शुरन्सची तारीख बघून घ्या. तारखेचं त्यांना भारी वेड. फॉर्म भरताना नावगाव राहिलं बाजूला, पहिली तारीख लिहायचे, आणि ती मोठ्यानं म्हणायचे. अलीकडं सगळं मोबाईलवर गेलं. ज्याला स्वतःला अर्ज भरता येण्यासारखा असेल त्याला ते सरळ सांगायचे, "माझ्याकडं कशाला आलास? घरी बसून कर." असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता माझं सांगतो. जुनी गाडी विकायची आमच्याकडं एक सोयीची रीत आहे. विकणाऱ्यानं नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्यायच्या, घेणाऱ्यानं सवडीनं गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. ती सवड कधी येत नाही. गाडी चार हात फिरून येते, कागदावर पहिलाच मालक बसून राहतो. मीही माझी मोटारसायकल खर्ड्याकडच्या एका ऊसतोड कामगाराला अशीच दिली. भला माणूस होता. दिवाळीनंतर बायकोला मागं बसवून तो कारखान्यावर जाणार होता. मी सह्या केल्या, पेढा खाल्ला आणि विसरलो.

मामा विसरले नाहीत. सकाळी दूध आणायला निघालो की ते ओट्यावरून हाक मारायचे, "नाव उतरलं का, गुरुजी?" होईल म्हणायचो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. एकदा बायकोसमोर विचारलं, एकदा चक्क हेडमास्तरांसमोर. मी पोरांना गृहपाठावरून छड्या दाखवणारा मास्तर, आणि रोज माझाच गृहपाठ तपासला जात होता. शेवटी मी दुधाला मागच्या बोळातून जायला लागलो.

आठ महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या गाडीनं खर्डा रोडला एका म्हाताऱ्याला उडवलंय. डेअरीला दूध घालून चालत घरी निघालेला माणूस. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडी त्या ऊसतोड कामगाराकडं होती, चालवत तोच होता, पण कागदावर मालक मी.

त्याच दुपारी मी मामांच्या घरी गेलो. मामींनी चहा ठेवला. मी मामांना म्हणालो, आठ महिन्यांपूर्वीची तारीख घालून विक्रीचा कागद करून द्या. जुन्या तारखेचा बॉन्डपेपरही मिळतो म्हणे.

"मिळत असंल. माझ्याकडनं न्हाई हुनार."

"अहो, मी खोटं कुठं सांगतोय? विकली तेव्हाच विकली ना?"

"इकली तवा. कागद केला का तवा?"

मला राग आला. मी म्हणालो, "जन्मभर एजंटगिरी केलीत आणि माझ्याच वेळेला हरिश्चंद्र झालात?" हे मी त्यांच्या घरात, त्यांचा चहा पीत म्हणालो. आज लिहितानाही लाज वाटते.

मामांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "इन्शुरन्स कोनाच्या नावावर हाय?"

"माझ्याच."

"चालू हाय?"

"आहे."

"मग ऐका. तुमी म्हनाल गाडी माझी न्हाई. तुमचं बघून इन्शुरन्सवाले बी म्हनतील, आमची न्हाई. त्यो ऊसतोडवाला म्हनंल माझ्याकडं काय हाय? मंग त्या म्हाताऱ्यानं कोनाकडं बघायचं?"

म्हाताऱ्याचा विचार तोवर माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो कोणत्या दवाखान्यात आहे हेही मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा मला नगरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. स्वतःच्या कामाचा दिवस मोडून. खाटेवर म्हातारबा, पायाला वजन बांधलेलं, उशाशी त्यांची बायको. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे गाडीचे मालक."

मला वाटलं आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या. म्हातारबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमाला लई लागलं न्हाई ना?" मालक म्हणजे गाडी चालवणारा, असं त्यांना वाटलं होतं. मामांनीच सगळं समजावून सांगितलं, एक गोष्ट सोडून.

भरपाईचा खटला दोन वर्षं चालला. जेवढं विचारतील तेवढंच आणि खरंच सांगायचं, एवढं एकच मामांनी मला शिकवलं, आणि प्रत्येक तारखेला ते बरोबर आले. मी मालक म्हणून उभा राहिलो, ऊसतोड कामगारानं चूक कबूल केली, आणि इन्शुरन्स कंपनीला पैसे भरावे लागले. त्यातून म्हातारबांचं दुसरं ऑपरेशन झालं. म्हातारबा काठीवर चालायला लागले. मग ती गाडी ऊसतोड कामगाराच्या नावावर झाली. मामांनी त्या दिवशीची तारीख मोठ्यानं म्हणूनच लिहिली.

त्यानंतर घरची म्हैस व्याली की म्हातारबा डब्यातून खरवसाचा चीक घेऊन माझ्याकडं यायचे. "दुसरा आसता तर हात झटकून मोकळा झाला आसता. तुमी मानूस म्हून उभं राह्यलात." मी ऐकून घ्यायचो. मामा कधी आमच्या ओट्यावर बसलेले असले की बायको लगेच चीक शिजवून त्यांनाही वाटीभर खरवस द्यायची. ते म्हातारबांचं बोलणं ऐकत खरवस खायचे, जरा साखर कमी पडली म्हणायचे. म्हातारबांच्या लेखी ते माझ्याबरोबर कोर्टात येणारे एक शेजारी, बाकी काही नाही. मामांनी त्यांना कधी काही कळू दिलं नाही, आणि मला एकांतातसुद्धा कधी ऐकवलं नाही.

गेल्या श्रावणात मामा गेले. दोन दिवसांचा ताप, मग नगरला नेलं, आणि परत आणलं ते तसंच. पुढच्या कॅम्पला लिंबाखाली कुणी बसलं नव्हतं. लोक येत होते, झाडाकडं बघत होते आणि मग एकमेकांनाच विचारत होते.

महिनाभरानं म्हातारबा आले. त्यांना काही माहीत नव्हतं. ओसरीवर डबा ठेवला, काठी भिंतीला लावली आणि म्हणाले, "ते उंच पाव्हनं दिसंना?" मी सांगितलं. म्हातारबा हळहळले, आणि मग पुन्हा सवयीनं माझ्याकडं वळले, "पर तुमच्यासारखा मालक..."

मला पुढचं ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. बोळातून दुधाला जात होतो ते, खोटी तारीख मागायला गेलो होतो ते, आणि ज्यानं ती घातली नाही त्याला काय बोललो होतो तेही.

म्हातारबांनी मान खाली घालून ऐकलं. रागावले नाहीत. मग काठी घेऊन उठले, वाकून ओसरीवरचा डबा उचलला आणि विचारलं, "कोन्तं घर त्यांचं?"

"दोन घरं सोडून," मी म्हणालो.

ते पायऱ्या उतरले आणि डबा सांभाळत हळूहळू तिकडं गेले.