रशीदभाऊंची पाचर

रशीदभाऊ अवजार कधी विकत घेत नसत. बिघाडाकडे अर्धा दिवस नुसते बघत बसायचे आणि मग त्या बिघाडापुरतं अवजार स्वतः घडवायचे. अहेरीच्या बाजारात ते कुलपं, स्टोव्ह, शिवणयंत्रं दुरुस्त करीत. हातोडा मात्र शेवटी. म्हणायचे, "ठोकनं म्हनजे मशीनले शिवी देनं. पहले पाहू तर द्या, बाई."

ही गोष्ट पंचावन्नच्या सुमाराची. आमचे हे जंगलखात्यात होते आणि लष्करानं विकायला काढलेली एक फटफटी त्यांनी घेतली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सिंदेवाहीला, चार दिवसांवर. आठवड्यातून एकदाच सुटणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आधीच जाता आलं असतं. पण मला मांडवापुढे फटफटीवरून उतरायचं होतं! वय सतरा, अक्कल सात. मोटार गेली आणि दुसऱ्या दिवशी फटफटी बसली.

रशीदभाऊंनी आमच्या अंगणात इंजिन उघडलं. व्हॉल्व्ह काढायचा तर त्याची स्प्रिंग दाबून धरायला हवी, आणि ते अवजार नागपूरशिवाय मिळणार नव्हतं. ते उठले, छकड्याच्या चाकाची जुनी लोखंडी धाव शोधून आणली, लोहाराकडून तिचा तुकडा तापवून वाकवला, टोकाला बेचकं पाडलं. बेचकं स्प्रिंगखाली घालून दुसरं टोक दाबलं, की स्प्रिंग गपकन वर. मी खिडकीतली जागा सोडून कधी अंगणात येऊन बसले, मलाच कळलं नाही.

"हे कशाला?" "ते कुठं जातं?" माझी टकळी चालूच. ते म्हणाले, "बाई, तुमाले मशीन समजून घ्याचं आहे का मले थकवाचं आहे?"

स्प्रिंग अडवून धरणारी, नखाएवढी पोलादी पाचर त्यांनी काढून तेलाच्या वाटीत ठेवली आणि ते नमाजाला गेले. मी लगेच ती परत बसवून पाहायला गेले. बेचकं निसटलं, स्प्रिंग उडाली आणि पाचर गेली ती गेलीच. सगळं अंगण चाळलं. ते आल्यावर मी सरळ सांगितलं, "कोंबडीनं गिळली."

अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीपुढे ते उकिडवे बसले. बराच वेळ.

"कोनाची आहे?"

"शेजारच्या जमादारीणबाईंची."

"मंग विकत घ्या लागते. कापून पाहू."

माझं रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "मले मालूम होतं. तेलातलं लोखंड कोंबडी तोंडात धरत नाई. तुमी कधी बोलता, तेच पाहून राह्यलो होतो."

मग पोतं शिवायचा दाभण मागितला, शेगडीत लाल करून चपटा केला, आणि कानस माझ्या हातात दिली. "जिनं हरवली तिनंच घासावी."

"रशीदभाऊ, लग्न परवा आहे!"

"म्हनूनच हळू घासा. जास्त घासली त दुसरा दाभन कुठी आहे?"

दीड दिवस घासली. सोन्याच्या बांगड्या काढून ठेवल्या, तळव्याला फोड आले. ते व्हॉल्व्हवर साचलेली काजळी खरडून काढत, मधूनमधून माझी पाचर मापून बघत आणि "अजून" एवढंच म्हणत. अखेर पाचर पुन्हा तापवून जवसाच्या तेलात विझवली, बसवली. दुसऱ्याच किकेला फटफटी बोलली.

मांडवात आम्ही अगदी वेळेवर पोचलो. पण मामांनी विचारलं, "ही चालते तरी कशी गं?" आणि मी त्यांना व्हॉल्व्ह समजावायला बसले. अक्षता केव्हा पडल्या, पत्ताच लागला नाही. आई वर्षभर बोलत होती.

परतल्यावर रशीदभाऊ मुद्दाम घरी आले. लग्न कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मूल गावच्या चढावर आवाज कसा येत होता, बाई?"

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि भर अंगणात तो आवाज तोंडानं काढून दाखवला.

रशीदभाऊ डोळे मिटून ऐकत होते. "अजून एकदा," ते म्हणाले.