शेवट हरवलेला मूकपट

आमच्या घरात भांडण होत नाही, अबोला होतो. या वेळचा माझ्या जिभेनं ओढवून घेतला. पुरानी बस्ती मोहल्ल्यात मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाकडे जेवताना, कोणी विचारलं नसताना मी सांगून बसलो की वडाभात खावा तर माझ्या बहिणीच्या हातचा. पानात पडलेला वडाभात बायकोनं सकाळपासून खपून, डब्यात भरून नेला होता.

अबोल्यात निरोप मुलगी पोचवते. हिंदी मुलखात वाढलेली ती, मराठीत ऐकते, हिंदीत देते. त्यामुळे बायकोचं ‘गिळा म्हणावं’ माझ्यापर्यंत ‘पापा, खाना लग गया’ होऊन येतं आणि संसार टिकतो. पण ती कॉलेजच्या सहलीला गेली आणि घरात फक्त भांडी बोलू लागली. पहिलं बोलेल तो हरला, हा नियम. मला हरायचं नव्हतं, आणि तिच्या बोलण्यावाचून करमतही नव्हतं.

अशा एका संध्याकाळी मी टीव्हीवर मूकपट लावला. या जुन्या, मुक्या प्रेमकथांचं मला वेड. फार थोड्या उरल्यात. बाकीच्यांच्या रिळांचा कधीच भुगा झाला. एक शब्द न बोलता नायक जिन्यावरून असा काही गडगडतो की नायिकेला त्याच्या मनातलं सगळं कळतं. लग्नाआधी मीही हिच्यासमोर सायकलवरून पडलो होतो. हिला एवढंच कळलं की मी पडलो.

बायको मेथी निवडत येऊन बसली. नायक नायिकेच्या बापाच्या टोपीवर बसला तेव्हा चक्क हसली. हसणं नियमात बसतं. मग नायिका रुसली, दार लावून घेतलं. तो बाहेर फुलाची कुंडी घेऊन उभा. कडी हलली, आणि पडद्यावर पाटी आली: पुढची रिळं उपलब्ध नाहीत.

“मंग? उघडलं का तिनं दार?” बायकोनं विचारलं. मला.

मी जिंकलो होतो. आनंद लपवत म्हणालो, “उघडलंच असंन.”

“काहून उघडंन? माफी कुठं मांगितली त्यानं?”

“मुका सिनेमा आहे तो. कसा मांगंन?”

“त्याले आवाज नव्हता. तुमाले आहे ना?”

मी चाचरत म्हटलं, की वडाभात तिच्याच हातचा. तिनं मेथी बाजूला सारली, भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या तोंडापुढे धरला.

“आता बोला. त्याच्यासमोर बोलले होते ना, मंग त्याच्यासमोरच.”

पलीकडून मेहुणा म्हणाला, “हव जीजाजी, ऐकून राहिलो. जरा थांबा, साऱ्याइले बोलावतो.”