प्रस्थानाची सायकल

आमच्या भावोजींइतका नेपाळ कोळून प्यालेला माणूस अख्ख्या महाडात दुसरा झाला नाही, आणि पोलादपूरच्या पुढे ते तोवर कधी गेले नव्हते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर फुलदाणी काढायला घेतली की तास संपेपर्यंत तिच्यामागे हिमालय उभा राहिलेला असे. सायकलवरून नेपाळ पालथा घालायचा, हा एकच ध्यास. त्यांच्याबरोबर चहा पिणं मुश्कील, कारण बशी म्हणजे काठमांडू आणि बिस्किटं म्हणजे खिंडी असत, त्यामुळे कशालाच हात लावायची सोय नसे. सामान हलकं हवं म्हणून त्यांनी घरातल्या पळीची दांडी अर्धी कापली. ताई कित्येक दिवस बोटं भाजून घेत आमटी वाढत होती.

सराव चाले चवदार तळ्याभोवती. रस्ता पडला सपाट, आणि नेपाळ चढाचा. त्यावर भावोजींनी तोड काढली. कॅरियरला तांदळाचं पोतं बांधायचं आणि ब्रेक दाबून धरून सायकल मारायची. "ब्रेक दाबला की झाला घाट," म्हणायचे. बिचारे लोक थांबून विचारत, मास्तर, सायकल बिघडली का? घामाघूम भावोजी मान हलवून पुढे जात.

मग निघायचा मुहूर्त निघाला, तो नेमका शाळेच्या परीक्षेत. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. म्हणजे मुहूर्त गाठून आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती ठेवली की माणूस निघाला असं धरतात. मात्र प्रवास केल्याशिवाय ती परत घरी न्यायची नाही. लोक सुपारी ठेवतात, फार तर उपरणं. भावोजींनी सायकलच आणून आमच्या ओटीवर ठेवली. झालं! आता सरावाला रोज सकाळी आमच्या दारात. जावई दारात आला म्हणजे त्याला नुसता कसा पाठवणार? आई रोज घावन घालायची. "नेपाळात हे मिळायचं नाही," असं म्हणत भावोजी ताट पुन्हा पुढे करायचे. आई दमून गेली, आणि भावोजींचं वजन मात्र वाढलं.

पण या प्रस्थानानं ते पुरते अडकले. गावाच्या हिशेबी मास्तर निघालेच होते, त्यामुळे जो भेटेल तो विचारी, अजून इथंच? ताईचं जेवणावरून लक्ष उडालं. मला म्हणाली, घाटमाथ्यापर्यंत तरी तू बरोबर जा. अखेर परीक्षा संपल्यावर गावानं हार घातले, नारळ दिला, हेडमास्तरांनी भाषण केलं, आणि आम्ही दोघं निघालो.

पोलादपूर गेलं, कापडे गाव आलं आणि खरा चढ लागला. आम्ही खाली उतरून सायकली ढकलायला लागलो. भाताचे भारे घेऊन निघालेला एक म्हातारा थांबला. "सायकल हाय ना मास्तर? मग चालत का?" भावोजींनी सायकल आणखी जोरात ढकलली. पुढच्या वळणावर ते दगडावर बसले. खाली दरी, वर डोंगर, त्यामागे आणखी डोंगर. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "अरे, मला भीती वाटते. पण त्या हारांनंतर परत जाऊ कोणत्या तोंडानं?"

मी उगीच त्यांची सायकल तपासायला लागलो आणि ब्रेकपाशी हात थबकला. तळ्याभोवती घाट चढून चढून ब्रेकचं रबर पार झिजलं होतं. मी ते दाखवलं. असा आनंद मी नेपाळच्या नकाशापुढेसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. बिनब्रेकची सायकल घेऊन हिमालय उतरणं बरं नव्हे, असं त्यांनी मलाच तीनतीनदा समजावलं. उतारावर सायकली हातानं धरून आम्ही पायी खाली आलो, आणि भावोजी चक्क गात होते.

महाडात शिरल्यावर मात्र गाणं थांबलं. ते स्वतःच्या घरी गेलेच नाहीत. प्रस्थान फुकट गेलं, आता सायकल घरी कशी न्यायची, म्हणून आमच्या ओटीवर मान खाली घालून बसले. शेजारी जमले. ताई धावत आली आणि खांबाला धरून उभी राहिली. आईनं बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गावची शीव ओलांडलीत, घाटाला पाय लावलेत. प्रस्थान फळलं, जावईबापू. आता सायकल खुशाल घरी न्या." आईपुढे कोण बोलणार? ताईनं रडत रडत सायकलला हळदकुंकू लावलं. मला तर हायसं वाटलंच, पण सगळ्यात मोठा सुस्कारा भावोजींचा होता.

आता आई नाही. भावोजी शाळेतून निवृत्त झाले, गुडघे धरलेत. परवा सकाळी तीच सायकल हातानं ढकलत दारात आले. मुहूर्त चांगला आहे, ठेवून जातो म्हणाले. कधी निघायचं ते मी विचारलं नाही. सायकल ओटीवर घेतली आणि आत जाऊन बायकोला म्हटलं, तवा ठेव, आता रोज घावन लागणार.