आप्पांची काकवी मी बंद केली

धाकट्याचा फोन आला की आप्पा उशीवरून मान वर काढायचे. माझ्या हातची पेज घ्यायला ती मान कधी वर व्हायची नाही. निपाणीजवळच्या आमच्या घरी वडिलांचं दुखणं मी काढत होतो. बेळगावच्या दवाखान्याच्या फेऱ्या, अंघोळ, पाठीला तेल, सगळं माझ्याकडे. धाकटा भाऊ पुण्यात प्रयोगशाळेत. आणि दैव असं, की आप्पांच्या स्वादुपिंडात जी गाठ निघाली, तसल्याच गाठींवर त्याचं काम चाललेलं. म्हणजे वडिलांचा आजारसुद्धा त्याच्याच वाटणीला गेला!

आप्पा गुळव्या. काहिलीत उकळणारा उसाचा रस गुळाला कधी आला, हे ठरवणारा माणूस. पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचे आणि मग काहील उतरवायला सांगायचे. बावीस वर्षं मी त्यांच्याशेजारी चुलवाणाच्या धगीत उभा राहिलो, पण "तू बघ रं गोळी" असं एकदाही म्हणाले नाहीत. धाकट्याला मात्र लहान मुलासारखे विचारायचे, "व्हय रं, त्या पेशी साखर खात्यात?"

त्या दिवशी फोनचा आवाज मोठा ठेवला होता. धाकटा सांगत होता, "आप्पा, अंगात राखण करणाऱ्या पेशी असत्यात. लढायला त्यास्नी साखर लागती. पर गाठ आजूबाजूची साखर आधीच ओढून घेती आणि वर आंबटाण सोडती. मग राखणदार तिथंच उपाशी गळाठून बसत्यात. त्यास्नी परत ताकद कशी यील, ते आमी शोधतोय."

"आस्सं!" आप्पा म्हणाले. चेहरा कसा फुललेला. मला ते बघवेना. ज्याचा जन्म गुळात गेला, त्याला साखर शिकवणारा हा कोण? मी ताट उचललं आणि पुढचं न ऐकता परसात गेलो.

ऐकलं तेवढ्यावर शहाणा झालो. गाठ साखर खाते ना? मग साखरच बंद. धाकट्यानं नुसतं बोलावं, करून दाखवणारा मी! काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक, तिचा डबा माळ्यावर टाकला. आप्पांच्या तोंडाला चव उरली होती ती तिचीच. तिच्यात कुस्करली तरच भाकरी घशाखाली उतरायची.

"आजपास्नं गोड न्हाय," मी म्हटलं.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

दूध बिनसाखरेचं. गुळव्याच्या घरात आल्यागेल्याला गुळाचा खडा न देता नुसतं पाणी. महिन्याभरात आप्पांची गालफडं बसली, आणि मी मनात म्हणत होतो, गाठ उपाशी मरतेय. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटत होतं.

धाकटा आला तो दारातच थबकला. आप्पा काय खातात, असं त्यानं विचारलं. मी छाती पुढं काढून सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मी भांडायच्या तयारीतच होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, अशानं गाठ मरत न्हाय. माणूस तेवढा वाळतो. त्याच फोनवर मी आप्पास्नी सांगितलतं, गोड लागंल ते खावा म्हणून. डॉक्टरबी तेच म्हणत्यात."

मी आप्पांकडे वळलो. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

आप्पांना दम लागला होता. थांबत थांबत म्हणाले, "जन्मात तुला कवा काय ठरवू दिलं न्हाय. म्हटलं, एकदा तरी तुझ्या शब्दावर चालावं."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत हेवा होता, तो मी कुठंही ओळखला असता. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मला मिळालं होतं, आणि त्यासाठी आप्पा महिनाभर उपाशी राहिले होते.