एका गरजू बांधवासाठी

नगरहून सकाळची एसटी धरली तेव्हा पर्समध्ये प्राचार्यांचं पत्र होतं आणि डोक्यात तिडीक. चर्चचे पाळक व्हायला आलेल्या पोरापोरींना मी बावीस वर्षं न्याय शिकवते. बायबलमधले जुने संदेष्टे राजाच्या तोंडावर कसे बोलले, आज आपण कसं बोलायचं, यावर शंभर मार्कांचा पेपर काढते. आणि सुलभा या माझ्याच जुन्या, आता चाकणला पाळक असलेल्या विद्यार्थिनीनं ते करून दाखवलं, तर तिला समजवायला मलाच धाडत होते! मी मनाशी पक्कं केलं होतं, समजवायचं नाही, तिच्या बाजूनं बोलायचं.

शिक्रापूर फाट्याला उतरून शेअर जीप पकडली. तिघांच्या सीटवर पाच जण. शेजारचा माणूस शिफ्ट संपवून निघाला होता, तो चाकणपर्यंत माझ्या खांद्यावर घोरला. मी हलवलं नाही. बाहेर नव्या गाड्या लादलेले ट्रेलर, धूळ आणि एकामागून एक पत्र्याच्या शेडी. चाकण म्हटलं की मला कांदा आठवायचा. आता शेडींच्या मध्ये कुठंतरी चार वाफे उरलेत, तेही विकायचेत असा बोर्ड लावून.

चाकणच्या तळेगाव चौकात सुलभा स्कूटी घेऊन उभी होती. वाळली होती पोरगी. निघोजेच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं, म्हणून आम्ही स्कूटी ढकलत रशीदभाईंच्या गॅरेजपर्यंत गेलो. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला. सुलभाच्या कॉलेजातल्या बाई म्हटल्यावर स्वतःहूनच सांगू लागले. सुलभाच्या चर्चमधल्या विलासची बोटं मशीनमध्ये गेली, तेव्हा त्याला कंपनीच्या गेटवरून त्यांनीच रिक्षात घातलं होतं.

"अंगावर कंपनीचा ड्रेस होता, मॅडम. हाताला माझाच टॉवेल बांधला. पण मला कुणी विचारलंच न्हाई," ते म्हणाले आणि पंक्चरचे पैसे काही केल्या घेईनात.

आता ज्या प्रकरणासाठी मी गेले ते सांगते. आमच्याकडे प्रत्येक मंडळीत (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) उपासनेच्या जागी दाराशी एक डबा असतो. ज्याला प्रार्थना हवी त्यानं चिठ्ठी टाकायची, पाळकानं ती वाचायची. वाचायची म्हणजे गुळगुळीत करून. 'एका गरजू बांधवासाठी', 'एका आजारी भगिनीसाठी'. नावगाव झाकायचं, ही रीत. सुलभानं विलासची चिठ्ठी जशी होती तशी वाचली: 'माझी तीन बोटं प्रेसमध्ये गेली. प्रभाकरराव म्हणतात, तू त्या दिवशी कामावर नव्हतास. देवाने त्यांना खरं बोलायला लावावं.' प्रभाकरराव म्हणजे कंपनीला माणसं पुरवणारे ठेकेदार. तेच सुलभाच्या मंडळीचे मुख्य पंच (कारभारी), आणि पहिल्या रांगेत बसलेले. मग काय, पाळकबाईला काढा, असा ठराव पुढं आला.

सुलभाच्या खोलीवर जेवलो. भाकरी, सुकटाची चटणी आणि विलासच्या बायकोनं केलेला ठेचा. ही माणसं परभणीकडची, ठेचा असा की डोळ्यांतून पाणी. विलास डाव्या हातानं खात होता. भाकरी मोडताना ती ताटाभर फिरायची, तरी कुणाची मदत घेत नव्हता. सुलभा ताटं उचलताना म्हणाली, "बाई, तुम्ही एकच वाक्य बोला, 'मी हेच शिकवलंय', एवढंच. बाकी माझं मी बघते."

म्हटलं, "अगं, त्यासाठीच आलेय ना!"

बैठक हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती, तिथंच उपासनाही भरते. विलास दाराशी चिठ्ठ्यांच्या डब्याजवळ उभा राहिला. प्रभाकरराव आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. छे! माणूस लोण्यासारखा मऊ. माझ्यासाठी पंखा वळवला, प्रवासाची चौकशी केली. मग हसून म्हणाले, आम्ही कॉलेजला दिलेलं नवं सभागृह वापरात आलं ना, आमच्या वडिलांचं नाव पाटीवर नीट दिसतं ना? दिसतं, मी म्हटलं. रोज त्या पाटीखालून जाते मी, न दिसायला काय झालं?

"मग बाई, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "असं माणसाचं नाव घेऊन वाचायचं, हे तुम्ही शिकवता का?"

सुलभा माझ्याकडे बघत होती. रशीदभाईंचा टॉवेल मला आठवत होता. सगळं ठाऊक होतं हो मला! आणि मी म्हणाले, "आम्ही तत्त्व शिकवतो. ते कुठं, कसं मांडायचं, याचं तारतम्य ज्याचं त्यानं ठेवायचं."

वर 'ज्याचं त्यानं' म्हणताना मान तिच्याकडे वळवली. लाज वाटते लिहायला, पण वळवली. पुढं पाच मिनिटांत सगळे हात वर झाले आणि सुलभानं महिनाअखेर काम आणि खोली सोडायचं ठरलं.

तरी ती मला चाकणला सोडायला आली. विलास सायकलवरून मागोमाग आला होता. त्यानं डाव्या हातानं घडी घातलेली चिठ्ठी दिली.

"तुमच्या कॉलेजात वाचा, बाई. इथं आता कोण वाचणार?"

जीप शिक्रापूरकडे लागल्यावर मी ती उघडली. डाव्या हाताची, वेडीवाकडी अक्षरं. 'आमच्या पाळकबाई चालल्या. ज्यांनी त्यांना शिकवलं त्या मॅडमला खरं ठाऊक होतं, त्या बोलल्या नाहीत. देवाने त्यांना बोलायला लावावं.' समोरच्या बाईनं विचारलं, काही वाईट बातमी का? मी नाही म्हटलं आणि चिठ्ठी पर्समध्ये प्राचार्यांच्या पत्राजवळ ठेवली.

प्रवासानं माणूस बदलतो असं मीही वर्गात सांगत आले आहे. शुक्रवारी सभागृहात प्रार्थना चालवायची पाळी माझी होती. विलासची चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. समोर साठ पोरंपोरी, उद्याचे पाळक, माना खाली घालून.

मी म्हणाले, "एका गरजू भगिनीसाठी प्रार्थना करू या."

सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं.